मोजका वेळ आणि अमाप प्रतीक्षा

(मेडशी, जि. वाशीम येथे स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी व त्यांना साह्य करणारे कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे निघालेल्या प्रवाशाला मालेगावच्या अलीकडे मेडशी लागते. या टापूतील शेती मुख्यत्वे पावसावर विसंबून असलेली, पिके सोयाबीन-तुरीची. घरातील पदवीधर मुलगा स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतो आहे म्हणून मृगातली पेरणी थांबत नाही, आणि दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन सोंगणीला आले की पुस्तक मिटून शेत गाठावेच लागते. मुलींच्या वाट्याला याखेरीज चूल, पाणी आणि धाकटी भावंडे असतात. अशा घरांतून एक प्रश्न सतत ऐकू येतो : वेळ थोडा आहे, तेवढ्यात तयारी कशी करावी? बाजारात या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. छापील वेळापत्रक, टिपणांचे गठ्ठे, शिकवणी वर्ग आणि पुण्यात किंवा दिल्लीत भाड्याची खोली. हे उत्तर विकत घेण्याची ऐपत ज्यांना नाही, त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच दोन गोष्टींची फारकत करणे आवश्यक आहे. वेळ मोजका असणे ही एक अडचण. वेळ अनिश्चित असणे ही दुसरी. पहिलीवर विद्यार्थी आपल्या शिस्तीने बऱ्याच अंशी मात करू शकतो. दुसरीवर एकट्यादुकट्याने मात करता येत नाही. तिची जबाबदारी शासनाची आणि समाजाची आहे. या दोहोंची गल्लत झाली की शासनाच्या दिरंगाईचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फुटते.

वेळेचे जुने राजकारण

सनदी सेवेची परीक्षा आणि वेळ यांचे भांडण आजचे नाही. १८५५ साली लंडनमध्ये या सेवेसाठी पहिली स्पर्धापरीक्षा झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय ठरले. १८६९ साली चार भारतीय यशस्वी झाले. त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे होते. या दोघांची नावे वयाच्या सबबीवर यादीतून काढण्यात आली. चालू वर्ष धरून वय सांगण्याची आपली रीत आणि पुरी झालेली वर्षे मोजण्याची इंग्रजांची रीत, एवढाच काय तो फरक होता. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा नावे परत आली.

पुढे १८७८ पासून कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्यात आली. नियम सर्वांना सारखा होता. पण परक्या भाषेत शिकून, समुद्र ओलांडून एकोणिसाव्या वर्षाच्या आत परीक्षेला बसणे किती भारतीय मुलांना शक्य होते? सुरेंद्रनाथांनी १८७७ मध्ये याविरुद्ध देशभर दौरा केला. आधुनिक भारतातील अखिल देशी राजकीय चळवळीच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्या दौऱ्याची गणना होते, आणि तिचा विषय होता विद्यार्थ्यांना मिळणारा वेळ. परीक्षा इंग्लंडात आणि हिंदुस्थानात एकाच वेळी व्हावी, हा दादाभाई नौरोजींचा आग्रह होता. १८९३ साली हाउस ऑफ कॉमन्सने तसा ठरावही संमत केला. प्रत्यक्षात ती येथे सुरू व्हायला १९२२ साल उजाडले.

तात्पर्य, परीक्षेतील वेळेची चौकट दिसायला तटस्थ असली तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

याच परीक्षेच्या इतिहासात थोड्या वेळात मिळालेल्या यशाचे प्रसिद्ध उदाहरण सुभाषचंद्र बोस यांचे आहे. १९१९ च्या अखेरीस ते इंग्लंडात पोचले. १९२० च्या परीक्षेपर्यंत जेमतेम आठ-नऊ महिने हाती होते. त्यांत त्यांनी चौथा क्रमांक मिळवला, आणि पुढच्याच वर्षी सेवेचा राजीनामा दिला. त्याआधी १९१८ साली रायगडचे चिंतामणराव देशमुख याच परीक्षेत पहिले आले होते. दोघांची बुद्धी आणि मेहनत वादातीत आहे. परंतु दोघांचेही वडील वकील होते, आणि इंग्लंडातला त्यांचा संपूर्ण दिवस अभ्यासासाठी मोकळा होता. बोस यांचे आठ महिने आणि मेडशीतील शेतकऱ्याच्या मुलाचे आठ महिने दिनदर्शिकेवर सारखे दिसतात. तासांत मोजले की ते सारखे राहत नाहीत.

तासांचा हिशोब

म्हणून तयारीचा विचार महिन्यांत न करता तासांत करावा. समजा, शेती सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला एरवी रोज ५ तास मिळतात आणि पेरणी, निंदण, सोंगणी यांच्या मिळून १४ आठवड्यांत रोज २ च तास मिळतात. उरलेल्या ३८ आठवड्यांचे १,३३० आणि कामाच्या दिवसांचे १९६, असे वर्षाचे सुमारे १,५०० तास होतात. रोज १० तास अभ्यास करू शकणारा शहरी विद्यार्थी एवढे तास पाच महिन्यांत पुरे करतो. हे अंतर नाकारण्यात अर्थ नाही. पण १,५०० तास ही क्षुल्लक पुंजीही नव्हे. पुंजी थोडी असली म्हणजे ती कोठे गुंतवावी, हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

प्रथम परीक्षेचा आकार पाहावा. संघ लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ उमेदवार प्रत्यक्ष बसले. १४,६२७ मुख्य परीक्षेस पात्र ठरले. २,८४५ मुलाखतीला पोचले. आणि १,००९ जणांची शिफारस झाली. म्हणजे बसलेल्या सुमारे ५७८ जणांत एक. या आकड्यांतून दोन बोध निघतात. पूर्वपरीक्षेची चाळण सर्वांत बारीक आहे, तीतून चाळिसात एकच पार होतो. म्हणून तिला गौण समजणे चूक. आणि ज्या परीक्षेत शेकडा ९९ हून अधिक उमेदवार अयशस्वी ठरणारच, तेथे अपयशाला नालायकी म्हणणे अन्यायाचे आहे.

अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम सांगतात. एकाच शेतात खताच्या गोण्या वाढवीत गेले तर प्रत्येक पुढच्या गोणीमागे उत्पन्नातील वाढ कमी होत जाते. पुस्तकांचेही तसेच आहे. राज्यव्यवस्थेवरचे एक विश्वसनीय पुस्तक तिसऱ्यांदा वाचण्यात जो लाभ आहे, तो त्याच विषयावरचे चौथे पुस्तक उघडण्यात नाही. वेळ थोडा असलेल्याने प्रत्येक विषयाला एक मूळ ग्रंथ, शालेय क्रमिक पुस्तके आणि एक दैनिक वृत्तपत्र यांपलीकडे जाऊ नये. १,५०० तासांपैकी ६०० पहिल्या वाचनाला, ४०० उजळणीला आणि ५०० जुन्या प्रश्नपत्रिका सोडविण्याला व उत्तरे लिहिण्याला द्यावेत. बहुतेक विद्यार्थी याच्या उलट करतात : सारा वेळ वाचनात जातो, आणि लेखणी परीक्षेच्या दालनातच प्रथम हातात येते.

अभ्यासक्रमाचा कागद आणि मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका ही पहिली पाठ्यपुस्तके होत. शेत नांगरण्याआधी बांध कोठे आहे हे पाहावे लागते. आयोग काय विचारतो हे कळले की काय वाचावयाचे नाही हेही कळते, आणि मोजक्या वेळात वगळण्याचे शास्त्र वाचण्याच्या शास्त्राइतकेच उपयोगी पडते.

चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, या भीतीने पुष्कळ विद्यार्थी हातचे प्रश्न सोडून देतात. येथे साधे गणित करून पाहावे. संघ आयोगाच्या सामान्य अध्ययनाच्या पूर्वपरीक्षेत बरोबर उत्तराला २ गुण, चुकल्यास त्याचा एक तृतीयांश वजा. चारही पर्याय अनोळखी असताना ठोकून दिलेल्या उत्तराचे सरासरी फल शून्य येते. तेथे श्रम वाया. एक पर्याय निश्चित चुकीचा म्हणून बाजूला काढता आला की सरासरी फल नफ्याकडे झुकते, दोन काढता आले तर अधिकच. राज्य आयोगाच्या पूर्वपरीक्षेत कपात एक चतुर्थांश आहे, तेव्हा तेथे जोखीम आणखी कमी. कोठे धाडस करावे आणि कोठे थांबावे, हा निर्णय सरावाच्या प्रश्नपत्रिकांवर आधीच झालेला असावा.

पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पत्रिकेत आकलन, तर्क व अंकगणित असते. तीत २०० पैकी ६६ गुण मिळाले की पुरे. पण ते मिळाले नाहीत तर पहिली पत्रिका तपासण्यातही हशील उरत नाही. कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्याने रोज अर्धा तास अंकगणिताला दिला तर वर्षाचे १८० तास होतात. हा अर्धा तास सोंगणीच्या दिवसांतही चुकवू नये.

गाव हेच पुस्तक

खेड्यातील विद्यार्थ्याजवळ वेळ कमी असला तरी एक साधन विपुल आहे, आणि त्याचा उपयोग फारच थोडे करतात. अभ्यासक्रमातील निम्मे विषय त्याच्या डोळ्यांपुढे घडत असतात. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजारातील दर त्याखाली राहिले, हे शेतकऱ्याच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला एवढेच जोडून घ्यावयाचे आहे की, कृषिमूल्य आयोग खर्च कसा मोजतो. 'ए-२ अधिक कुटुंबाचे श्रम' आणि 'सी-२' या दोन मोजमापांत जमिनीच्या खंडाचे व भांडवलावरील व्याजाचे काय होते. आणि स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीवरून जो वाद चालतो तो नेमका कोणत्या खर्चाविषयी आहे. घरचा अनुभव आणि ग्रंथातील संज्ञा यांची अशी गाठ पडली की ती परीक्षेत सुटत नाही.

दुसरे उदाहरण भूगोलाचे. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या दुभाजकावर वसला आहे. उत्तरेकडे उतरणारे पाणी काटेपूर्णेसारख्या नद्यांतून पूर्णेला आणि तेथून तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडचे पैनगंगेवाटे गोदावरीच्या खोऱ्यात जाऊन बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस देशाच्या दोन टोकांना जातो, आणि तरीही मधले शेत कोरडवाहू राहते. येथून सिंचनाच्या अनुशेषाचा प्रश्न निघतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा १९८४ चा अहवाल, संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदाखाली १९९४ साली स्थापन झालेली वैधानिक विकास मंडळे आणि एप्रिल २०२० मध्ये संपलेली त्यांची मुदत, हे सारे एका धाग्यात ओवता येते.

इतिहास हवा असेल तर वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. भूसंपादन समजून घ्यावयाचे असेल तर ज्याच्या चौपदरीकरणाचे अकोला-मेडशी आणि मेडशी-वाशीम असे टप्पे पाडले गेले, तो राष्ट्रीय महामार्ग १६१ दाराशी आहे. १९५६ च्या महामार्ग कायद्याने जमीन घेतली जाते आणि मोबदल्याला २०१३ च्या कायद्याची तत्त्वे लागू होतात, हे ज्याच्या आप्तांची जमीन गेली त्याला दोनदा वाचावे लागत नाही. रोजगार हमीचा विषय तर महाराष्ट्राचाच. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, आणि २००५ साली त्याच धर्तीवर झालेला राष्ट्रीय कायदा. केंद्राने २०१८ मध्ये वाशीमला 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत घातले. त्या शब्दाचा अर्थ काय, मोजमाप कोणते आणि गावात बदलले काय, हे ग्रामसभेत बसून तपासणारा विद्यार्थी मुख्य परीक्षेच्या उत्तरात पोपटपंची करणार नाही.

भाषेचा कर

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून नागरी सेवा परीक्षेची आजची त्रिस्तरीय रचना आली आणि आठव्या अनुसूचीतील भाषांत उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. मराठी विद्यार्थ्याला दार उघडले ते तेव्हा. परंतु संघ आयोगाची सामान्य अध्ययनाची प्रश्नपत्रिका आजही इंग्रजी व हिंदीतच येते. मुख्य परीक्षेत तीन तासांत २० प्रश्न, म्हणजे एका उत्तराला ९ मिनिटे. प्रश्न परक्या भाषेत वाचून, मनात मराठीत आणून, मराठीत लिहिणाऱ्याची या नऊ मिनिटांतील काही मिनिटे भाषांतरातच जातात. हा मराठी विद्यार्थ्यावर बसलेला वेळेचा कर आहे. तो रद्द व्हावा ही मागणी रास्त आहे. ती पदरात पडेपर्यंत रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत नऊ मिनिटांत लिहिणे, हा उपाय विद्यार्थ्याच्या हाती आहे.

अमाप प्रतीक्षा

येथवर मोजक्या वेळेचा विचार झाला. आता अनिश्चित वेळेकडे वळले पाहिजे. कारण खरे नुकसान तेथे होते.

राज्यसेवेची २०२० ची पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची होती. महासाथीमुळे आणि नंतर अन्य कारणांनी ती पुनःपुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीखही ऐनवेळी रद्द झाली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. २०१९ च्या परीक्षेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागून ४१३ जणांची शिफारस झाली. त्यांच्या नियुक्त्या वर्षाहून अधिक काळ रखडल्या. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा बदल २०२३ पासून लागू करण्याचे जाहीर झाले. आंदोलनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये तो २०२५ वर गेला. २०२४ ची पूर्वपरीक्षा २८ एप्रिलची होती. ती २५ ऑगस्टवर आणि तेथून १ डिसेंबरवर गेली. २०२५ ची २८ सप्टेंबरची परीक्षा अतिवृष्टीमुळे ९ नोव्हेंबरला झाली. यांतील काही कारणे खरोखर अपरिहार्य होती, आणि काही वेळा विद्यार्थ्यांनीच पुढे ढकलण्याची मागणी केली होती. पण परिणाम एकच. ज्याला महिन्याचे भाडे आणि खाणावळ परवडते तो थांबू शकतो. ज्याने जमीन खंडाने लावून किंवा बहिणीच्या लग्नासाठी जमवलेल्या पैशातून वर्ष काढले आहे, तो तारीख पुढे गेली की परीक्षेपूर्वीच बाद होतो. त्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत नसते.

राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा आता ३८ आहे, मागास प्रवर्गांची ४३. १८७८ साली मर्यादा आकसून आपल्या मुलांना बाहेर ठेवले गेले होते, म्हणून मर्यादा वाढणे हे न्यायाचे पाऊल वाटणे स्वाभाविक आहे. उशिरा शिक्षण मिळालेल्यांना त्याचा आधारही होतो. परंतु वाढीव वय आणि बेभरवशाचे वेळापत्रक एकत्र आले की त्यांतून अमाप प्रतीक्षा जन्माला येते. जागा निघाल्या नाहीत तरी 'अजून वय आहे' असे म्हणून शासन मोकळे होते. त्या प्रतीक्षेवर खोल्यांचे भाडे आणि वर्गांचे शुल्क पोसले जाते. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, तेव्हा या बाजारपेठेचे तळघर देशाला दिसले.

म्हणून विद्यार्थ्याने स्वतःची मर्यादा स्वतः घालून घ्यावी. अभ्यासाला बसण्याच्या दिवशीच कागदावर लिहावे : किती वर्षे, किती प्रयत्न, घरचा किती पैसा, आणि त्यानंतर कोणता मार्ग. हा कागद घरातील वडीलधाऱ्यांपुढे वाचावा. गेलेली वर्षे परत मिळत नाहीत, म्हणून केवळ तेवढ्यासाठी पुढची वर्षे त्यांच्यामागे टाकू नयेत, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. थांबणाऱ्याला पळपुटा म्हणणारे गाव त्याला आणखी पाच वर्षे खोट्या आशेत ढकलते. यशस्वी झालेल्याचा सत्कार जरूर करावा. पण चार वर्षे प्रामाणिक अभ्यास करून परतलेल्या, संविधान आणि अर्थसंकल्प वाचू शकणाऱ्या मुलीला ग्रामपंचायतीच्या वा सोसायटीच्या कामात मानाची जागा मिळते की नाही, यावर गावाची पारख होते.

कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्यांनी गावपातळीवर तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, वाचनालय. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ पासून आहे. गावातील ग्रंथालय पहाटे आणि रात्री उघडे राहावे, दिवे चालू असावेत, जुन्या प्रश्नपत्रिकांचे बांधीव संच तेथे असावेत आणि मुलींना निर्धास्तपणे बसता यावे, यासाठी मोठा निधी लागत नाही; किल्ली सांभाळणारा माणूस लागतो. दुसरी, सावड. शेतीत सावडीने एकमेकांची कामे उरकण्याची रीत आहेच. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात परीक्षार्थीच्या घरची सोंगणी चार घरांनी मिळून केली, आणि परीक्षेनंतर त्याने ती फेडली, तर त्या विद्यार्थ्याला शंभर-सव्वाशे तास मिळतात. परीक्षार्थी मुलगी असेल तर ही सावड स्वयंपाकघरापर्यंत गेली पाहिजे. तिसरी, माहिती. अमरावतीचे शासकीय पूर्वप्रशिक्षण केंद्र, बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या योजना व त्यांच्या मुदती फलकावर वेळेवर लागल्या पाहिजेत.

राज्यपातळीवरची मागणी एकच, पण ती निक्षून केली पाहिजे. परीक्षेचे वार्षिक वेळापत्रक शब्दाप्रमाणे पाळले जावे. जाहिरात, निकाल आणि नियुक्ती यांच्या कालमर्यादा बंधनकारक असाव्यात. आणि नैसर्गिक आपत्तीखेरीज तारीख बदलल्यास त्याचे कारण शासनाने लेखी द्यावे. विद्यार्थ्याला तीन तासांत वीस उत्तरांचे बंधन आहे. त्याच्याकडून नऊ मिनिटांचा हिशोब घेणाऱ्या शासनाने आपल्या महिन्यांचा हिशोब द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.